शालोम मिस्त्रींचे दोन वायसर

"हात मागं घ्या."

शालोम मिस्त्री माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. शेतकी खात्यातली माझी पहिलीच नेमणूक पनवेलला झाली होती. मी घाटावरचा, गावात कुणाला ओळखत नव्हतो. खात्याच्या जीपचं काय बिघडलंय ते दाखवायला मी त्यांच्या शेडमध्ये गेलो, तर समोर एका ट्रकचं बॉनेट उघडं होतं. उघडं बॉनेट दिसलं की कुठलाही पुरुष जे करतो तेच मी केलं. दोन्ही हात ट्रकच्या कडेवर टेकून आत डोकावलो. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसतं म्हणाले, "हात मागं घ्या. बघायला डोळे पुरतात."

मी हात मागं घेतले आणि मग लक्षात आलं, त्यांचेही हात मागंच होते. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट पाठीशी धरून ते इंजिनाकडे टक लावून उभे होते. हा त्यांचा नेम होता. कसलंही यंत्र पुढ्यात आलं की पहिली पाच मिनिटं त्याला हात लावायचा नाही. "हात लागला की डोकं थांबतं," ते म्हणायचे. "मग माणूस दिसेल तो नट सोडत सुटतो."

बुटका, भक्कम बांधा, जाड मान, पिकलेल्या मिशा, डोक्यावर काळी गोल टोपी आणि लष्करातून आणलेला खाकी सदरा नि अर्धी चड्डी. पुण्याच्या रस्त्यावर, गाव संपतं तिथं, एका शिरीषाच्या झाडाखाली त्यांची पत्र्याची शेड होती. मुंबईहून निघालेले ट्रक घाट चढण्याआधी तिथं थांबत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते इराकच्या वाळवंटात फौजेच्या गाड्या दुरुस्त करत होते. तिथं उजवा कान कामातून गेला. त्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला होता. शिसवी लाकडाची वीतभर दांडी ते चालत्या इंजिनाला टेकवत आणि तिचं दुसरं टोक दातांत धरत. आवाज म्हणे हाडातून नीट कळतो. डोळे मिटून, दांडी दातांत धरून ते ऐकत उभे राहिले की नवखा ट्रकवाला गोंधळून मागे सरायचा. दांडी काढली की निकाल लागलेला असायचा. "तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह." आणि तो तिसराच निघायचा.

ते ज्यू होते, कोकणातले, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. जुनी माणसं त्यांच्या घराला अजून शनवार तेली म्हणत. कुणी तसं म्हटलं तर त्यांना राग येत नसे, उलट ते खुलासा करत: "आज्यापर्यंत आमचा घाणा होता. शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. माझ्या हयातीत घाणा गेला नि इंजिन आलं. तेल काय सुटलं नाही."

शनिवार त्यांनीही सोडला नव्हता. एकदा एक बडा कंत्राटदार ऐन शनिवारी सकाळी बंद पडलेली जीप बैलांकडून ओढून त्यांच्या दारात घेऊन आला. मी तेव्हा त्यांच्या ओटीवर बसलो होतो. मिस्त्री पांढरी विजार आणि इस्त्रीचा सदरा घालून आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी पाहुण्याला मोठ्या अगत्याने वर बोलावलं. रिबेकाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, सरबत आणलं. मग मिस्त्री कंत्राटदाराशी आंब्याच्या मोहोरावर बोलले, त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली, त्याच्या वडिलांच्या संधिवातावर तेल सुचवलं. कंत्राटदार दर दोन वाक्यांनी जीपकडे बोट दाखवी आणि मिस्त्री तितक्याच गोडीने दुसरा विषय काढत. तासाभराने तो बिचारा जीप तिथंच सोडून गेला. रविवारी उजाडताच मिस्त्रींनी जीप चालू केली आणि स्वतः चालवत त्याच्या दारात नेऊन उभी केली. कंत्राटदार तोंड धूत होता. म्हणे, "काल सांगितलं असतं तर मी गेलो असतो ना!" मिस्त्री म्हणाले, "गेला असतात, पण सरबत राहिलं असतं."

त्यांचा असाच हट्ट दुसऱ्यांदा मी पाहिला तो एका ट्रक ड्रायव्हरबरोबर. त्याच्या ब्रेकच्या नळीतून थेंब गळत होते आणि त्याला घाई होती. "घाटापर्यंत जातो, पुढं बघू," असं तो म्हणाला. मिस्त्रींनी वाद घातला नाही. ट्रक सुरू करायचं लोखंडी हँडल सीटखालून काढलं आणि शेडच्या भिंतीवर खिळ्याला अडकवून दिलं. ड्रायव्हर तासभर ओरडला. मिस्त्री त्याच्यापुढ्यात बसून नळी बदलत राहिले. काम झाल्यावर हँडल त्याच्या हातात देत म्हणाले, "आता शिव्या दे, ऐकायला मोकळा आहे." तो हसला आणि गेला.

पण त्यांचा लौकिक होता तो वेगळ्याच गोष्टीचा. शालोमकडे गेलेलं यंत्र चालत परत येतं, असं पंचक्रोशीत बोललं जाई. सुटे भाग महिनोन्‌महिने मिळत नसत. बंदरातून माल सुटायचा, मग मुंबईचा दुकानदार, मग पनवेल. तोवर भातगिरणी थांबणार नाही, पाण्याचा पंप थांबणार नाही. अशा वेळी मिस्त्री काहीतरी जोडून, आवळून, गुंडाळून यंत्र चालतं करून देत. "तात्पुरतं आहे हं," म्हणत. त्या तात्पुरत्यावर लोकांचे हंगामच्या हंगाम निघत. या कौशल्याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत.

आता त्या ट्रॅक्टरचं सांगतो.

पनवेलच्या खाडीकडे पाणखार म्हणून गाव होतं. बांध घालून समुद्राचं पाणी अडवायचं आणि आतल्या खारजमिनीत भात लावायचं, अशी तिथली शेती. गावाने मिळून सोसायटी काढली होती आणि लढाईनंतर विकायला निघालेला एक जुना ट्रॅक्टर घेतला होता. पेट्रोलवर सुरू व्हायचा आणि तापला की रॉकेलवर चालायचा. आदल्या उन्हाळ्यात सोसायटीने तो मुंबईच्या एका कारखान्यात पाठवून इंजिन खोलून घेतलं होतं. नवी बेअरिंगं बसवली होती. तेव्हापासून सगळे खूश होते.

त्या वर्षी शिमग्यानंतर बाहेरचा बांध फुटून त्याला खांड पडली. चांगली चाळीस हात लांब. अमावास्येच्या उधाणाला चार दिवस राहिले होते. तेवढ्यात खांड बुजली नाही तर खारं पाणी शेतात शिरणार आणि जमीन पुढची तीन वर्षं भाताच्या उपयोगाची राहणार नाही, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. बाया-माणसं डोक्यावरून घमेली वाहत होती, पण खरा भरवसा ट्रॅक्टरवर होता. तो मागे लोखंडी फळी लावून माती ओढत होता. आणि सकाळी नऊच्या सुमाराला तोच थांबला. मी बांधावरच होतो. ड्रायव्हर हिराजीला जीपमध्ये घातलं आणि तडक मिस्त्रींच्या शेडवर गेलो.

"मिस्त्री, फिल्टरचा पॅकिंग फुटला नि सगला आईल भायेर पडला," हिराजी धापा टाकत म्हणाला. "दोन दिसांत दुसऱ्यांदी."

"एकाच जागी दुसऱ्यांदा?" मिस्त्री म्हणाले आणि पेटी उचलून जीपमध्ये बसले. तेलाचा एक डबाही त्यांनी बरोबर घेतला.

बांधावर पोचल्यावर त्यांनी नेहमीसारखे हात मागं बांधले आणि उभे राहिले. दीडशे माणसं घमेली खाली ठेवून त्यांच्याकडे बघत होती. सोसायटीचे चेअरमन हसुराम पाटील, साठीचे, करड्या आवाजाचे, छत्री घेऊन पुढे आले.

"मिस्त्री, उदान तुमच्यासाठी थांबनार नाय."

"ठाऊक आहे, पाटील. म्हणून तर नीट बघतोय. हिराजी, तेलाच्या दाबाचा काटा कुठं असतो?"

हिराजीचा चेहरा उजळला. "पार वरती! मुंबईशी आलाय तवापासून वरतीच हाय. नि गेल्या हप्त्यात त एकदम टोकाला. नवीन इंजिन हाय ना!"

"मंग दाब जास्त हाय त चांगलाच नाय का?" पाटील म्हणाले. "कमी असता त आमी घाबरलो असतो."

"नळाच्या तोंडावर बोट दाबलंत तर पाण्याचा जोर वाढतो," मिस्त्री म्हणाले. "त्याने हंडा लवकर भरतो का? दाब वाढला म्हणजे तेल वाढलं असं नाही. कुठंतरी त्याची वाट अडलीय, नाही तर जास्तीचं तेल परत तळात सोडायची वाट बंद झालीय. त्याच दाबाने तुमचं पॅकिंग फुटतंय. आज पॅकिंग फुटलं, उद्या तेलाच्या पंपाचा दात तुटेल. मग इंजिन दोन मिनिटांत जाम होईल आणि चार दिवसांत काय, चार महिन्यांत उठणार नाही."

त्यांनी जाड कागदातून कात्रीने नवं पॅकिंग कापलं, बसवलं, हिराजीच्या डब्यात उरलेल्या तेलाने पातळी भरून घेतली आणि इंजिन सुरू करायला लावलं. काटा सरसर टोकाला गेला. लगेच बंद.

"आधी सगळ्यात सोपं. काटाच खोटं बोलत असेल." सिगारेटच्या डब्यात फलानीनच्या फडक्यात गुंडाळलेला एक मीटर त्यांनी काढला. तो इराकहून आणलेला. ट्रॅक्टरचा मीटर सोडवून त्यांनी आपला जोडला. पुन्हा इंजिन सुरू. त्यांच्या मीटरनेही तेच सांगितलं.

"काटा निर्दोष," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी तेलात दोन बोटं बुडवली, चोळली, नाकाशी नेली. हिराजीकडे नुसतं बघितलं. हिराजी खाली बघू लागला.

"जरा जाडा हाय," तो पुटपुटला. "एका ट्रकवाल्यानं सांगितला, जाडा आईल घाल, इंजिन जास्ती टिकतो."

"कधी घातलंस?"

"गेल्या हप्त्यात."

पाटील हिराजीवर धावून जाणार होते. मिस्त्रींनी हाताने थांबवलं. सगळं तेल उतरवलं, आपण आणलेल्या डब्यातलं भरलं आणि इंजिन वीस मिनिटं चालवून तापू दिलं. काटा टोकावरून खाली आला. बघणाऱ्यांत एकदम आवाज उठला. बायांनी घमेली उचलली. हिराजी उडी मारून सीटवर बसला.

"उतर खाली," मिस्त्री म्हणाले.

"आता काय झाला?"

"हवा तितका खाली आला नाही. अजून वीस पौंड जास्त आहे."

पाटलांनी छत्री मिटली. "मिस्त्री, येवढ्यावर चार दिस चालंल का नाय ते सांगा. मंग उदान झाल्यावर काय ता करा. तात्पुरता."

मला वाटलं, ते हो म्हणतील. त्यांचा तर तोच लौकिक होता. पण ते म्हणाले, "चालेलही. आणि दुपारी तुटेलही. तुटलं तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू?" आणि पुन्हा हात मागं बांधून उभे राहिले. स्वतःशीच बोलल्यासारखं चाललं होतं: "रॉकेलचं इंजिन. रॉकेल आत झिरपतं, तेल पातळ होतं. अशा इंजिनाचा दाब उतरायला हवा. आणि हा मुंबईहून आल्यापासून वरच. जाड तेलाच्या आधीपासून वर..."

ते थांबले. इंजिनाच्या बाजूला, खालच्या अंगाला, एक षट्कोनी टोपण होतं. त्यावर त्यांची नजर खिळली. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. त्या माणसाचा चेहरा मी एरवी कधी पडलेला पाहिला नाही. तेव्हा पडला. क्षणभरच. मग त्यांनी पाना घेतला आणि खाली बसून ते टोपण सोडवलं.

जास्तीचा दाब झाला की उघडणारी झडप त्या टोपणाआड असते. एक स्प्रिंग तिला दाबून धरते. मिस्त्रींनी स्प्रिंग बाहेर काढली, टोपण तळहातावर उलटं आपटलं. आतून दोन वायसर पडले. स्प्रिंगच्या बुडाशी ते कुणीतरी मुद्दाम घातलेले. त्यामुळे स्प्रिंग अधिक दाबली जात होती आणि झडप वेळेवर उघडत नव्हती.

"ह्ये कुनी घातलं?" हिराजी म्हणाला.

"अजून कोन!" पाटील कडाडले. "मुंबईवाले! मी तवाच सांगत व्हतो, आपल्या शालोमकडं द्या. तिकडचे कारागीर असलीच लबाडी करतात. येऊ द्या तेंना हितं, या बांधात गाडतो!"

लोकांनी माना हलवल्या. कुणी मुंबईच्या कारागिरांना शिव्या घातल्या. मिस्त्रींनी काहीच बोलायची गरज नव्हती. वायसर खिशात टाकायचे, टोपण लावायचं, इंजिन सुरू करायचं. सगळं गाव त्यांना खांद्यावर घेऊन नाचलं असतं.

ते उठून उभे राहिले. वायसर तळहातावर ठेवून त्यांनी हात पाटलांपुढे केला.

"मुंबईवाल्यांचे नाहीत. हे माझे आहेत, पाटील."

कुणाला आधी कळलंच नाही.

"दोन वर्षांपूर्वी नांगरणीच्या वेळी बेअरिंगं झिजली होती, दाब उतरला होता. नवी मिळत नव्हती. तेव्हा दाब वर आणायला मी हे दोन आत टाकले. तुमच्या तेव्हाच्या ड्रायव्हरला सांगितलं, हंगाम झाला की आण, काढायचे आहेत. तो नोकरी सोडून गेला. मीही विसरलो. मुंबईच्या माणसांनी नवी बेअरिंगं चोख बसवली. स्प्रिंगखाली कुणी काय घालून ठेवलंय, ते त्यांना स्वप्नात दिसणार होतं का? त्यांचं काम चांगलं होतं म्हणूनच दाब असा चढला."

पाटील त्या वायसरांकडे आणि मिस्त्रींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते.

"म्हंजी ह्यो घोळ तुमी केलाव?"

"थोडा जाड तेलाचा. बाकीचा माझा." ज्या आवाजात ते 'तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह' म्हणत, अगदी त्याच आवाजात. हिराजीने सुटकेचा श्वास टाकला तो मला ऐकू आला.

त्यांनी झडप पुसली, बोटाने दाबून सहज सरकते ना ते पाहिलं, स्प्रिंग वायसरांशिवाय बसवली, टोपण आवळलं. इंजिन सुरू झालं, तापलं. काटा चाळिसावर आला आणि तिथंच राहिला. हिराजीने फळी खाली सोडली आणि माती ओढायला लागला. बारा वाजायचे होते.

पुढचे दिवस काम न थांबता चाललं. अमावास्येला दुपारी भरतीची वेळ होती. मी गेलो तर मिस्त्री आधीच येऊन उभे. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याखाली हातभर राहिलं. नव्या मातीतून कुठं कुठं पाझर फुटत होता. बाया तिथं पेंढा नि चिखल घालत होत्या आणि हिराजी ट्रॅक्टर मागे-पुढे करत माती दाबत होता. सगळं गाव पाण्याकडे बघत होतं. मिस्त्री मात्र ट्रॅक्टरबरोबर चालत चालत काट्याकडे बघत होते. एकाएकी एक म्हातारी ओरडली, "फिरला! पानी फिरला!" लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. पाटलांनी बांधावरच नारळ फोडला आणि पहिला तुकडा हिराजीला दिला, दुसरा मिस्त्रींना. पण मिस्त्रींना देताना ते हसले नाहीत.

पाटील माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्या पोटात गोष्ट राहत नसे. आठवड्याच्या आत पनवेलच्या बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच झालं: मिस्त्री स्वतःच बिघाड घालून ठेवतात आणि स्वतःच काढतात. चहाच्या दुकानात मी एका कापडवाल्याशी यावरून भांडलो आणि तरातरा शेडवर गेलो. म्हटलं, "तुम्ही पाटलांना जाब विचारा."

"कशाबद्दल?" मिस्त्री म्हणाले. "वायसर माझे नव्हते का?"

"पण तुम्ही ते मुद्दाम नव्हते घातले."

"मुद्दामच घातले होते. काढायचे विसरलो." ते पाना पुसत होते. "शेतकी, मला लोकांच्या बोलण्याने झोप लागत नाही असं नाही. मला दुसरंच खुपतंय. अशी किती यंत्रं आहेत, ते आठवतोय."

ते मला कायम 'शेतकी' म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

त्यांनी पत्र्याच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं खडूने एकाखाली एक सात नावं लिहिली होती. भातगिरणी. मिठागराचा पंप. एका डॉक्टरांची मोटर. एका पाद्रीबाबांची फटफटी. अशी सात. गेल्या काही वर्षांत तात्पुरती दुरुस्ती करून दिलेली आणि पुन्हा शेडवर न आलेली. दर रविवारी ते सायकलला पेटी बांधून त्यातल्या एकाकडे जायला लागले. एक-दोनदा मीही गेलो.

भातगिरणीचा मालक त्यांना इंजिनाजवळ जाऊ देईना. "चालतंय ना? मग कशाला उघडता? तुमच्याबद्दल ऐकलंय मी हल्ली," तो सगळ्यांदेखत म्हणाला. मला कानकोंडं झालं. मिस्त्री शांतपणे भाताच्या पोत्यावर जाऊन बसले. दीड तास बसले. जेवणासाठी गिरणी थांबली तेव्हा उठले, मालकाला हाताला धरून इंजिनापाशी नेलं आणि आपण घातलेला एक बोल्ट सोडवून त्याच्या हातात दिला. बोल्ट मध्यावर झिजून दोऱ्याएवढा उरला होता. त्या बोल्टावर जे जड चाक तोलून होतं, त्याच्यापासून चार हातांवर मालकाची बसायची गादी होती. मालकाने गादीकडे पाहिलं, बोल्टाकडे पाहिलं.

"अजून काय उघडायचंय ते उघडा," तो म्हणाला.

मिठागराच्या पंपाची गोष्ट याच्या उलट झाली. तिथं सहा वर्षांपूर्वी त्यांनी फुटक्या भागावर ठोकलेला पत्रा जशाच्या तसा होता. खाऱ्या हवेतही गंज नाही. त्यांनी सगळीकडून दांडीने ठोकून पाहिलं, दातांत धरून ऐकलं आणि मग लहान मुलासारखे खूश झाले. "शालोम," स्वतःलाच म्हणाले, "तू काही अगदीच वाईट मिस्त्री नाहीस!" परत येताना वाटेत तीनदा त्यांनी मला त्या पत्र्याचं कौतुक सांगितलं.

त्यानंतर त्यांनी एक नवी पद्धत सुरू केली. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून त्याच्या लहान पट्ट्या केल्या. तात्पुरतं काम केलं की त्या जागी तारेने पट्टी बांधायची. तिच्यावर खिळ्याने ठोकून लिहिलेलं असे: 'तात्पुरते. शालोम.' आणि काय केलंय ते दोन शब्दांत. ट्रकवाले हसत. पण वर्षभरात मी खोपोलीला एका अनोळखी मिस्त्रीच्या दुकानात तशीच पट्टी पाहिली. खाली नाव दुसरंच होतं. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "अक्षर कसं आहे त्याचं?" आणि बाजारातलं बोलणं कधी विरलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेडपुढे ट्रक पहिल्यासारखे उभे राहू लागले. पाटलांनी पुढच्या नांगरणीच्या आधी ट्रॅक्टर आपणहून पाठवला. बरोबर हिराजी आणि टोपलीभर जिताडे मासे.

माझी बदली नगरला झाली. पुढं काही वर्षांनी ऐकलं की मुलांच्या मागोमाग मिस्त्री आणि रिबेकाबाई इस्राएलला गेले. शेड कुणी घेतली, ठाऊक नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पनवेल सोडण्याच्या आदल्या दिवशी.

भिंतीवरचं एकच नाव पुसायचं राहिलं होतं, एक प्रवासी लाँच. उलव्याच्या धक्क्यावरून ती मुंबईला जायची. तिच्या इंजिनाच्या पाण्याची नळी मिस्त्रींनी एकदा ताग नि सफेत्याचं लुकण गुंडाळून, तार आवळून चालती करून दिली होती. ते चार वेळा गेले आणि चारही वेळा लाँच निघून गेलेली. मी म्हटलं, उद्या मी जातोय, आज जीपने सोडतो तुम्हाला.

आम्ही पोचलो तेव्हा भरती ओसरायला लागली होती आणि लाँच चालवणारा तांडेल दोर सोडत होता. मिस्त्री पेटी घेऊन फळीवरून आत गेले, इंजिनाच्या खड्ड्यात उतरले आणि तिथूनच ओरडले, "नळी बदलायची आहे! अर्धा तास!"

"पानी चाललाय, मिस्त्री!" तांडेल म्हणाला. "अर्ध्या तासानी लाँच चिखलात बसंल. उतरा खाली. परतीला बघू."

"परतीला तू सापडत नाहीस!"

पन्नास-साठ उतारू होते. कोंबड्यांच्या डालग्या, भाजीच्या पाट्या, एक नवरा-नवरी. सगळे मिस्त्रींच्या नावाने कुरकुरायला लागले. तांडेलाने इंजिन सुरू केलं. मला वाटलं, आता ते चिडून वर येतील. ते वर आले, पण फळीकडे वळले नाहीत. टोपी सारखी करत मला म्हणाले, "शेतकी, चालत्या इंजिनाची नळी काढता येत नाही. मी हिच्याजवळ बसून जातो. पलीकडे धक्क्याला लागली की बदलतो."

"अहो, पण मुंबईला? घरी काही सांगितलंय का?"

"तुम्ही सांगा ना. म्हणावं, उद्या येतो. आणि म्हणावं, जेवण नीट होईल, काळजी नको."

फळी ओढून घेतली गेली. लाँच मागे सरली, वळली आणि खाडीच्या मध्यावर गेली. मी जाताना नगरचा पत्ता त्यांना द्यायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. मी खिशातला कागद काढून हात उंच केला आणि हाक मारली. पण त्यांचा चांगला कान इंजिनाकडे होता. नवऱ्या मुलाला बाजूला सारून ते पुन्हा त्या खड्ड्यात कमरेपर्यंत उतरले होते. लाँच लहान होत गेली तरी उतारूंच्या गर्दीत मधोमध त्यांची वाकलेली खाकी पाठ मला बराच वेळ दिसत राहिली.